भाचा सतरा वर्षांचा, केस बेळगावात, घर चंदगडला: पहिल्या पंधरा दिवसांत काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातले एक मामा विचारतात: "भाचा सतरा वर्षांचा. बहीण महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात राहते, भावजी गोव्यात कामाला. बेळगावात मोटारसायकल चोरीच्या प्रकरणात वीस-बावीस वर्षांच्या तिघांबरोबर त्यालाही पोलिसांनी धरलं. एफआयआरमध्ये त्याचं वय १९ लिहिलंय. कागद सगळे कन्नडमध्ये. कोणी म्हणतं कबूल करून मोकळे व्हा, कोणी म्हणतं पुढाऱ्याला गाठा. पोरगं मिलिटरी भरतीची तयारी करत होतं. आता काय करायचं?"

मामा, पुढाऱ्याला गाठण्यात दिवस घालवू नका. अशा केसचं भवितव्य तीन कागदांवर ठरतं: वयाचा पुरावा, बाल न्याय मंडळासमोरचा पहिल्या तारखेचा आदेश आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) सामाजिक तपास अहवाल. तिन्ही पहिल्या पंधरा दिवसांत तयार होतात आणि बहुतेक घरं नेमकी तिसऱ्या कागदाकडे पाहतच नाहीत.

आधी वय. एफआयआरमध्ये १९ राहिलं तर मुलगा मोठ्यांबरोबर दंडाधिकाऱ्यासमोर उभा राहील आणि तिथून हिंडलग्याच्या तुरुंगात जाईल. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ९ प्रमाणे अल्पवयाचा दावा कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर करता येतो, निकाल लागल्यानंतरसुद्धा. पण वाट कशाला पाहायची? पहिल्याच हजेरीला वकिलामार्फत लेखी अर्ज द्या. दंडाधिकाऱ्याला चौकशी करावी लागते, आणि मुलगा अल्पवयीन दिसला की त्याला कागदपत्रांसह लगेच बाल न्याय मंडळाकडे पाठवावं लागतं. चौकशी चालू असताना ताब्यात ठेवायचंच झालं तर सुरक्षित स्थानी ठेवतात, तुरुंगात नाही. वय मोजायचं ते गुन्हा घडला त्या दिवशीचं, अटकेच्या दिवशीचं नव्हे. चार गाड्या चार ठाण्यांच्या हद्दीतून गेल्या असतील तर चारही तारखा वेगवेगळ्या पाहा.

पुराव्याचा क्रम कलम ९४ मध्ये ठरलेला आहे. पहिला मान शाळेने दिलेल्या जन्मतारखेच्या प्रमाणपत्राला किंवा दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्राला. ते नसेल तरच नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तर हाडांची तपासणी. ती आदेशापासून १५ दिवसांत व्हावी लागते आणि तिच्यात दोन वर्षं इकडे-तिकडे होऊ शकतात. सतरा वर्षांच्या मुलासाठी हा जुगार आहे. कागद हातात असताना तपासणीला 'हो' म्हणू नका.

इथे लोक फसतात ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या युवाप्रकाश निकालात सांगितलं की बदली दाखला किंवा प्रवेश रजिस्टरचा उतारा म्हणजे कलम ९४ मधलं जन्मतारखेचं प्रमाणपत्र नव्हे. म्हणून एलसीची झेरॉक्स घेऊन पळू नका. मुख्याध्यापकांकडून शाळेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, 'जन्मतारीख प्रमाणपत्र' अशा स्पष्ट मथळ्याचा कागद घ्या. जनरल रजिस्टरचा नंबर त्यात लिहून घ्या. दहावी झाली असेल तर कोल्हापूर विभागीय मंडळाचं मूळ प्रमाणपत्र काढा, नुसती गुणपत्रिका पुरेशी धरू नका. आधार कार्ड वयाचा पुरावा म्हणून टिकत नाही.

सीमाभागात यात दोन अडचणी हमखास येतात. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणजे जन्म खानापूर तालुक्यात आणि शाळा चंदगड तालुक्यात, किंवा उलट. जन्माची नोंद जिथे बाळंतपण झालं तिथे सापडते. महाराष्ट्रात ती ग्रामपंचायतीत असते; कर्नाटकातल्या खेड्यात आधी दवाखान्यात आणि मग ग्राम लेखाधिकाऱ्याकडे विचारा. दुसरी अडचण १ जूनची. पहिलीत घालताना गुरुजींनी सोयीसाठी १ जून टाकलेला असतो आणि खरा जन्म त्यानंतर चार महिन्यांनी झालेला असतो. शाळेची तारीख धरूनही मुलगा अठराच्या आत बसत असेल तर जन्मदाखला शोधून नवा घोळ घालू नका. शाळेच्या तारखेने तो अठराच्या पुढे जात असेल, तर मात्र जन्मनोंद, लसीकरण कार्ड, दवाखान्याचं रजिस्टर सगळं वकिलाच्या हाती द्या. शाळेची तारीख कशाच्या आधारे लिहिली, हे विचारण्याचा हक्क त्याला आहे. नावांच्या स्पेलिंगचंही तसंच. मराठी दाखल्यावर 'यल्लाप्पा', कन्नड कागदावर वेगळं, आधारवर तिसरं, कुठे आडनावच गायब. आईचं प्रतिज्ञापत्र करून 'ही सर्व नावं एकाच मुलाची' हे आधीच जोडा, नाहीतर एक तारीख त्यातच जाते.

ठाण्यात गेलात की बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण, हे विचारा. प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षकाच्या खाली नसलेला असा एक अधिकारी नेमलेला असायला हवा. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, त्याच्याशी बोलणारा अधिकारी साध्या वेषात हवा, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मंडळासमोर हजर करावं लागतं. मंडळ त्या दिवशी बसत नसेल तर एकट्या सदस्यासमोरही हजर करता येतं. 'सोमवारी बघू' हे उत्तर कायद्यात बसत नाही. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे मुलाची सही कुठल्याही जबाबावर घ्यायची नसते. सही घेतली असेल तर कुठल्या कागदावर आणि किती वाजता, हे मुलाला विचारून वकिलाला त्याच दिवशी सांगा.

एफआयआर का झाली, हा राग बाजूला ठेवा. मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा (प्रतवारी पुढे सांगितली आहे) आरोप नसेल आणि तो एकटाच असेल तर एफआयआर नोंदवायची नसते, फक्त ठाण्याच्या डायरीत नोंद होते. पण मोठ्यांबरोबर मिळून गुन्हा केल्याचा आरोप असला की एफआयआर होते, आणि इथे तसंच झालंय. खटला मात्र वेगळा. मोठ्या तिघांबरोबर त्याची एकत्र सुनावणी होऊ शकत नाही, त्यामुळे त्या तिघांच्या वकिलावर अवलंबूनही राहू नका. त्यांचा फायदा बहुतेकदा 'सगळं ह्या पोरानंच केलं' असं म्हणण्यात असतो.

आता गुन्ह्याची प्रतवारी, कारण सगळी भीती तिथे आहे. बाल न्याय कायदा तीन प्रकार करतो. जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तर किरकोळ. किमान शिक्षा सात वर्षं किंवा अधिक असेल तर अतिगंभीर. मधलं सगळं गंभीर, आणि कमाल शिक्षा मोठी पण किमान सातपेक्षा कमी किंवा ठरलेलीच नाही, असे गुन्हेही गंभीरमध्येच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या शिल्पा मित्तल निकालाने हे सांगितलं आणि २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यात आणलं. सोळा ते अठरा वयाच्या मुलाला प्रौढ म्हणून चालवायचं का, हा प्रश्न फक्त अतिगंभीर गुन्ह्यातच येतो.

भारतीय न्याय संहितेत साधी चोरी, कलम ३०३, तीन वर्षांपर्यंत, म्हणजे किरकोळ. कलम ३०५ लावलं, ज्यात घरातली चोरी आणि माल-प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनाची चोरी येते, तर सात वर्षांपर्यंत, म्हणजे गंभीर. टोळी म्हणून कलम ११२ लावलं तर एक ते सात वर्षं. कलम १११ ची संघटित गुन्हेगारी लावली तरी त्यातली किमान शिक्षा पाच वर्षं, म्हणून तेही अतिगंभीरमध्ये जात नाही. थोडक्यात, मोटारसायकल चोरीत तुमच्या भाच्याला 'मोठा' धरून चालवण्याचा प्रश्नच येत नाही. पण ३०३ की ३०५ हा वाद वकिलाला जरूर घालायला सांगा. चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत, वाढवून फार तर सहा महिन्यांत संपवायची असते. किरकोळ गुन्ह्यात ती त्या मुदतीत संपली नाही तर प्रकरण तिथेच बंद होतं. गंभीर गुन्ह्यात मुदत पुढे वाढू शकते.

इतर वाचकांसाठी दोन उदाहरणं, कारण आपल्या पट्ट्यात ती वारंवार येतात. गांजा: एक किलोपर्यंत किरकोळ, एक ते वीस किलो गंभीर, व्यापारी प्रमाणात, म्हणजे वीस किलोच्या वर, किमान दहा वर्षं म्हणून अतिगंभीर. तेव्हा पंचनाम्यातलं वजन आणि पाकिटासकट मोजलं की निव्वळ, हे आधी पाहा. दुसरं, पळून गेलेली जोडपी. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी, दोघांच्या मर्जीने शरीरसंबंध आले असले तरी पोक्सोमध्ये (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्यात) किमान दहा वर्षांची शिक्षा आहे, त्यामुळे केस थेट अतिगंभीरमध्ये जाते. त्यात प्राथमिक मूल्यांकन होतं: मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची ताकद आणि कुठल्या परिस्थितीत घडलं. तीन महिन्यांची मुदत आहे, पण २०२४ मध्ये कर्नाटकातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती बंधनकारक नव्हे, मार्गदर्शक आहे असं ठरवलं. तेव्हा 'तीन महिने काढले की सुटलो' या सल्ल्यावर विसंबू नका. मूल्यांकनाविरुद्ध अपील करायला ३० दिवस मिळतात.

जामिनाकडे येऊ. कलम १२ मध्ये जामीन हा नियम आहे, जामीनदार असो वा नसो. नाकारायला तीनच कारणं: सुटल्यावर तो ओळखीच्या गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका आहे, किंवा सोडल्याने न्यायाचा हेतू हरेल. गुन्हा किती मोठा, हे त्यात नाही. त्यामुळे मंडळासमोर 'आमचं पोरगं निष्पाप आहे' हे घोकण्यापेक्षा, सुटल्यावर ते कुठे राहील हे ठोस सांगा. इथे तुम्ही स्वतः उपयोगी पडता, मामा. ते तीन साथीदार चंदगडकडचे असतील तर भाचा काही महिने तुमच्याकडे खानापूरला राहील, खोली वेगळी आहे, घरात दिवसभर कोण असतं, कॉलेजला कुठल्या बसने जाईल, हे एका पानावर लिहा. तुमच्या घराचं वीजबिल किंवा उतारा आणि ओळखपत्र जोडा. मंडळ पालकाकडून किंवा योग्य व्यक्तीकडून हमीपत्र घेऊन मुलाला सोपवू शकतं. अटी सात दिवसांत पुऱ्या झाल्या नाहीत तर मुलाला परत मंडळासमोर आणून अटी बदलाव्या लागतात. पैशाअभावी पोर आत राहता कामा नये.

भाषेचा मुद्दा पहिल्याच तारखेला नोंदवून घ्या. कलम ८ प्रमाणे कामकाजाची भाषा मुलाला कळत नसेल तर दुभाषा देणं मंडळाचं काम आहे. बेळगावच्या बाजारात चालण्यापुरतं कन्नड येणं वेगळं आणि चौकशीचं कन्नड कळणं वेगळं. चंदगडच्या मुलाला तर पहिलंही येत नसतं. घाबरलेलं पोरगं प्रत्येक प्रश्नाला 'हौदु, हौदु' (हो, हो) म्हणतं आणि त्याचा अर्थ कबुली असा लिहिला जातो. आदेशात 'मुलाची भाषा मराठी, प्रश्न मराठीत समजावले' अशी ओळ यायला हवी. सरहद्दीचं राजकारण इथे आणू नका. हा हक्क कायद्यातूनच मिळतो आणि शांतपणे मागितला की मिळवणं सोपं जातं. आईचं म्हणणं मराठीत लिहून त्याचा इंग्रजी किंवा कन्नड अनुवाद जोडा. न वाचता येणाऱ्या कागदावर कोणी सही करू नका. करावीच लागली तर सहीच्या वर 'मराठीत वाचून दाखवलं, समजलं' हे मराठीतच लिहा. वकील फुकट मिळू शकतो: १९८७ च्या विधी सेवा कायद्यात मुलांना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० ला फोन करा, आणि मराठी बोलणारा वकील हवा हे अर्जातच लिहा.

कबुलीबद्दल एकच सांगायचं: 'कबूल केलं की समज देऊन सोडतात' हे ऐकून मुलाला पढवू नका. न केलेलंही त्याच्या नावावर बसतं, आणि मोठ्या तिघांच्या केसमध्ये त्याचा वापर कसा होईल ते सांगता येत नाही.

आता त्या तिसऱ्या कागदाबद्दल. सामाजिक तपास अहवाल परिवीक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत द्यायचा असतो. नमुना ६ मध्ये घर, शिक्षण, तब्येत, मित्र, सवयी, कमाई, गुन्ह्याची कारणं आणि शेवटी शिफारस. जामीन, देखरेख, अंतिम आदेश, सगळीकडे मंडळ हाच कागद उघडतं. आणि बेळगावचा अधिकारी चंदगडच्या वाडीवर सहज जात नाही. तो कोल्हापूरच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला पत्र लिहितो. पत्र पोहोचतं, फिरतं, उत्तर येईपर्यंत मुदत संपते, आणि मग आईला दोन प्रश्न फोनवर विचारून अहवाल पुरा होतो. त्यात साधारण अशी वाक्यं येतात: वडील बाहेरगावी, आई मजुरीला, मुलावर लक्ष नाही, संगत वाईट. यातलं एकही वाक्य कदाचित खोटं नसेल. पण चारही मिळून 'घरी सोडणं धोक्याचं' असा अर्थ तयार होतो आणि गरिबीच मुलाला आत ठेवण्याचं कारण बनते.

यावर उपाय दोन. वकिलाला अर्ज करू द्या की कोल्हापूरचं पत्र ईमेलने जावं, त्याची प्रत मिळावी आणि अधिकाऱ्याने खानापूरच्या घराला भेट द्यावी. आणि घरच्यांनी दोन-तीन पानांचं टिपण स्वतः तयार करून अधिकाऱ्याला द्यावं. त्यात प्रत्येक अडचणीपुढे तिची व्यवस्था लिहा. वडील गोव्यात: महिन्यातून किती वेळा येतात, रोज फोन कोण करतं, मामा काय पाहणार. शाळेत गैरहजेरी: कुठल्या महिन्यापासून, त्याआधी काय घडलं, वर्गशिक्षकांचं पत्र. कमाई: हॉटेलात, वीटभट्टीवर किंवा उसाच्या गाडीवर काम केलं असेल तर लपवू नका; किती दिवस, किती मजुरी, पैसे कोणाला दिले. तब्येत: डोक्याला मार, फिट्स, कमी दिसणं, वाचताना अडखळणं, अशा गोष्टी घरी कोणी महत्त्वाच्या मानत नाही, पण अहवालात त्यांचं वजन मोठं असतं. त्या तिघांशी ओळख कधी आणि कशी झाली, गाडी चालवायला कोणी शिकवली, फोनचं रिचार्ज कोण करायचं. खोटं लिहू नका, शेजाऱ्यांना विचारलं जातंच.

त्या तिघांनी याला वापरून घेतलं असेल तर ते स्पष्ट मांडा. कलम ८३ प्रमाणे मुलाचा बेकायदा कामासाठी वापर करणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. चोर्ला घाटाच्या बाजूने गोव्याची दारू आणायला पोरांना पाठवणाऱ्यांसाठी वेगळं कलम ७८ आहे, तिथेही सात वर्षं. 'अल्पवयीन आहे, त्याला काही होत नाही' हे सांगूनच ही भरती चालते, आणि मंडळासमोर ते कोणी बोलतच नाही, याची फार चीड येते. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत किंवा आंदोलनात मोठ्यांबरोबर पकडलेल्या शाळकरी मुलांनाही वर सांगितलेलं सगळं लागू आहे, वयापासून भाषेपर्यंत.

अहवालात संशोधनाचा आधार द्यायला हरकत नाही. चांगले अधिकारी तो मान्य करतात. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलेली विभागणी गुन्हेशास्त्रात अजून पायाभूत मानतात: किशोरवयात कायदा मोडणारी बहुतेक मुलं मोठी होताना थांबतात, लहानपणापासून सतत आक्रमक राहिलेली थोडीच पुढे चालू ठेवतात. पहिल्या गटातल्या मुलाला दुसऱ्या गटाच्या संगतीत कोंडणं हा सगळ्यात महाग पडणारा उपचार. तशीच 'एकदा हिंडलगा दाखवून आणा, सुधारेल' ही सूचना. अमेरिकेत तुरुंगात नेऊन कैद्यांकडून मुलांना दरडावण्याचे कार्यक्रम झाले. त्यांच्या चाचण्या एकत्र तपासल्यावर अशा मुलांचे गुन्हे कमी नव्हे, उलट वाढलेले दिसले. मुलाला वेगळं वागवण्याचा विचार आपल्या भागाला नवा नाही. बेळगाव मुंबई इलाख्यात असतानाच १९२४ चा बॉम्बे चिल्ड्रन ॲक्ट आला होता.

आरोप सिद्ध झालाच तर मंडळ काय करू शकतं? समज देऊन घरी पाठवणं, गटसमुपदेशन, समाजसेवा, दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तीन वर्षांपर्यंत देखरेख, आणि टोकाला तीन वर्षांपर्यंत विशेष गृह. देखरेखीचा आदेश झाला तर ती कोल्हापूर जिल्ह्याच्या परिवीक्षा अधिकाऱ्याकडे द्यावी, असा अर्ज तेव्हाच करा. नाहीतर प्रत्येक हजेरीला आईची मजुरी बुडते, दोन तारखा चुकतात आणि 'अटी मोडल्या' असं लिहिलं जातं.

नाव बाहेर पडू देऊ नका. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो, नाव, शाळा टाकणं कलम ७४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नातेवाइकांनी 'न्याय मिळावा' म्हणून टाकलेली पोस्टही त्यात येते. स्क्रीनशॉट ठेवा, ॲडमिनला काढायला सांगा.

भरतीचं आयुष्य गेलेलं नाही. कलम २४ प्रमाणे मंडळाच्या निकालाने मुलाला कुठलीही अपात्रता चिकटत नाही, आणि केस संपल्यावर चारित्र्य पडताळणीसाठी त्याची नोंद पोलिसांनी उघड करायची नसते. २०१९ मध्ये सीआयएसएफच्या फौजदारपदाच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयातली केस नोकरीच्या आड येऊ दिली नाही. अपीलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षांपर्यंत नोंदी ठेवून नष्ट करायच्या असतात, पण त्या आपोआप होतील असं धरून बसू नका. अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत घ्या आणि नोंदी नष्ट करण्याचा अर्ज त्याच वेळी देऊन पोच घ्या. एफआयआरमध्ये वय १९ लागलेलं असल्याने ठाण्याच्या संगणकात तो प्रौढ आरोपी म्हणून राहू शकतो. मंडळाच्या वयनिश्चितीच्या आदेशाची प्रत ठाण्यात देऊन ती नोंद दुरुस्त करून घ्या. मराठा लाइट इन्फंट्रीच्या मैदानावर धावायला जाण्याआधी हे काम झालेलं असलं पाहिजे, आणि पडताळणी फॉर्ममधला 'कधी अटक झाली का' हा रकाना वकिलाला दाखवल्याशिवाय भरू नका.